डर्क नोवित्स्की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डर्क नोवित्स्की म्हणजे नेमका कोण?

जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग शहरात १९ जून १९७८ रोजी जन्मलेला, सात फूट उंचीचा बास्केटबॉलपटू. संघातली त्याची जागा पॉवर फॉरवर्डची, म्हणजे एरवी रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची. आई बास्केटबॉल खेळायची, वडील हँडबॉल. लहानपणी तो स्वतः हँडबॉल आणि टेनिस खेळला. १९९८ ते २०१९ असे २१ मोसम तो एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये डॅलस मॅव्हरिक्स या एकाच संघाकडून खेळला, आणि हा विक्रम आहे. २००७ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २०११ साली विजेतेपद आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, २०२३ साली हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या स्मारकात समावेश. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवणारा तो युरोपात जन्मलेला पहिला खेळाडू.

त्याचे कारकिर्दीचे आकडे काय आहेत आणि ते वाचायचे कसे?

१,५२२ सामने, ३१,५६० गुण, ११,४८९ रीबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). सरासरी काढली तर सामन्याला २०.७ गुण आणि ७.५ रीबाउंड. निवृत्त झाला तेव्हा सर्वाधिक गुणांच्या यादीत तो सहावा होता. एका सामन्यातले त्याचे सर्वाधिक गुण ५३, ह्यूस्टनविरुद्ध, २ डिसेंबर २००४ रोजी.

पण हे एकूण आकडे बाजूला ठेवा आणि टक्केवारी पाहा: मैदानी शॉट ४७.१, थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) ३८.०, फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारा बिनविरोध शॉट) ८७.९. त्या काळातले बरेच सात फुटी खेळाडू फ्री थ्रोला कच्चे असायचे, त्यामुळे अटीतटीच्या क्षणी त्यांना मुद्दाम फाउल केलं जायचं. नोवित्स्कीवर हा डाव चालायचाच नाही. उलट त्याला फ्री थ्रो लाइनवर पाठवणं म्हणजे दोन गुण हातात देणं. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू त्याच्याकडे द्यायला प्रशिक्षक कधी कचरले नाहीत. प्लेऑफमधली, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमधली, त्याची सरासरी २५.३ आहे, म्हणजे साखळी सामन्यांपेक्षा साडेचार गुणांनी जास्त. सामने कठीण झाले की बहुतेकांची सरासरी घसरते, हे लक्षात घेतलं तर हा आकडा फार बोलका आहे.

त्याने पॉवर फॉरवर्डची जागा बदलून टाकली, असं म्हणतात. म्हणजे काय केलं?

जुन्या पद्धतीत पॉवर फॉरवर्ड रिंगजवळ उभा राहायचा, पाठ रिंगकडे, अंगाने रेटत आत घुसायचा. त्याला अडवणाराही तसाच धिप्पाड आणि तिथेच उभा. म्हणजे रिंगखाली कायम गर्दी.

नोवित्स्की थ्री-पॉइंट रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. एनबीएत ही रेषा वरच्या बाजूला रिंगपासून ७.२४ मीटरवर आणि कोपऱ्यात सुमारे ६.७ मीटरवर असते. तिथून तो सहज टाकतो म्हटल्यावर त्याच्या डिफेंडरला बाहेर यावंच लागायचं. धिप्पाड माणूस रिंगपासून सात मीटरवर आला की आतली वाट रिकामी होते, आणि त्या वाटेने त्याचे साथीदार स्टीव्ह नॅश, मायकेल फिनली किंवा जेसन टेरी आत शिरायचे.

यातला सर्वात घातक डाव म्हणजे पिक अँड पॉप. नोवित्स्की गार्डच्या (चेंडू खेळवणाऱ्या बुटक्या साथीदाराच्या) डिफेंडरला अंगाची आड लावायचा आणि रिंगकडे न वळता बाहेरच्या बाजूला सटकायचा. आता दोन्ही डिफेंडर चेंडूमागे गेले, तर नोवित्स्की मोकळा. दोघांनी माणसं बदलून घेतली, तर सहा फुटी गार्ड त्याच्यासमोर. आणि दोघंही आपापल्या माणसाला चिकटून राहिले, तर आडेत अडकलेला डिफेंडर मागे पडतो आणि गार्डला रिंगपर्यंत मोकळा रस्ता मिळतो. आज प्रत्येक संघाला बाहेरून टाकणारा उंच माणूस हवा असतो. १९९९ मध्ये असा खेळाडू म्हणजे ‘मऊ’ असं समजलं जायचं.

त्याला घडवलं कोणी?

होल्गर गेश्विंडनर यांनी. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते पश्चिम जर्मन बास्केटबॉल संघाचे कर्णधार होते. शिक्षण गणित आणि भौतिकशास्त्राचं. किशोरवयीन डर्कला त्यांनी एका सामन्यात पाहिलं आणि स्वतःहून शिकवायची तयारी दाखवली. त्यांचा भर शूटिंग आणि पासिंगवर होता. वजनं उचलणं आणि डावपेचांची घोकंपट्टी त्यांनी बाजूला ठेवली. वाचन आणि वाद्य शिकणं मात्र प्रशिक्षणाचाच भाग होतं, त्यामुळे डर्क सॅक्सोफोन शिकला. आपल्या या उपक्रमाला ते ‘उपयोजित खुळेपणाची संस्था’ म्हणायचे.

त्यांच्या कामाचा गाभा एकच होता: या मुलाची उंची, हाताची लांबी, चेंडूचा व्यास आणि रिंगचा व्यास धरून, थोडी चूक झाली तरी आत जाईल असा शॉट कोणता, हे आधी कागदावर काढायचं आणि मग तो शरीरात भिनवायचा. पुढे डॅलसमध्ये स्टार झाल्यावरही शॉट बिघडला की गेश्विंडनर अमेरिकेला येऊन तो दुरुस्त करायचे. एकाच गुरूकडे पंचवीस वर्षं शॉट तपासून घेणारा दुसरा असा मोठा खेळाडू सापडणं कठीण.

ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, मिल्वॉकीने त्याला निवडून सोडून दिलं, हे खरं का?

अर्धवट खरं. मार्च १९९८ मध्ये सॅन अँटोनिओला झालेल्या नाइकी हूप समिट या तरुणांच्या, अमेरिका विरुद्ध बाकी जग अशा सामन्यात त्याने ३३ गुण आणि १४ रीबाउंड घेतले. अमेरिकन मुलं त्याला अडवायला फाउलच करत राहिली. त्याला २३ फ्री थ्रो मिळाले, त्यातले १९ आत गेले. त्यानंतर डॅलस आणि बोस्टन दोघांचीही नजर त्याच्यावर होती. डॅलसकडे सहावी निवड होती, बोस्टनकडे दहावी. डॅलसने सहाव्या क्रमांकावर रॉबर्ट ट्रेलरला घेतलं, मिल्वॉकीने नवव्यावर नोवित्स्कीला आणि एकोणिसाव्यावर पॅट गॅरिटीला, आणि मग ट्रेलरच्या बदल्यात दोघं डॅलसला आले. सौदा आधीच ठरलेला होता. गॅरिटीला लगेच फीनिक्सला देऊन डॅलसने नॅशला आणलं, म्हणजे एकाच ड्राफ्टच्या रात्री पुढच्या सहा वर्षांचा पाया रचला गेला.

पहिला मोसम मात्र वाईट गेला. लीग आणि खेळाडूंच्या वादामुळे मोसम फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाला, सराव शिबिर जवळजवळ झालंच नाही, आणि त्याची सरासरी ८.२ गुणांवर अडकली. दुसऱ्या मोसमात ती १७.५ झाली, तिसऱ्यात २१.८.

जर्सी क्रमांक ४१ का?

जर्मनीत तो १४ घालायचा. डॅलसमध्ये तो क्रमांक रॉबर्ट पॅककडे होता, म्हणून त्याने आकडे उलटे केले.

त्याचा एका पायावरचा फेडअवे (मागे झुकत मारलेला) शॉट नेमका कसा असतो?

फ्री थ्रो रेषेच्या आसपास, पाठ किंवा खांदा डिफेंडरकडे करून तो चेंडू घेतो. एखाद-दुसरा धक्का मागे देऊन डिफेंडरला टाचांवर रेलायला लावतो. मग एका पायावर वळतो, दुसरा गुडघा कमरेपर्यंत उचलतो आणि अंग मागे झुकवत चेंडू डोक्याच्या वर, किंचित मागून सोडतो.

उचललेला गुडघा हीच खरी किल्ली. तो शोभेसाठी नसतो. डिफेंडर पुढे सरकला तर तो आधी त्या गुडघ्याला भिडतो, म्हणजे दोघांत दीड-दोन फूट अंतर आपोआप राखलं जातं. शिवाय मागे झुकलेल्या वरच्या अंगाला गुडघ्याचं वजन समोरून तोलतं, त्यामुळे तो कलंडत नाही. सात फूट उंची, वर ताणलेले हात आणि मागे झुकलेलं अंग, या तिन्हींची बेरीज केली की चेंडू जिथून सुटतो तिथे कोणाचाच हात पोहोचत नाही.

इतका उंच कमान घेणारा शॉट का?

रिंगचा आतला व्यास सुमारे ४५.७ सेंटीमीटर, चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४५.७ सेंटीमीटरचं तोंड मिळतं. तिरका आला तर ते तोंड अरुंद होत जातं: ६० अंशांत येणाऱ्या चेंडूला सुमारे ३९.५ सेंटीमीटर, ४५ अंशांत सुमारे ३२, आणि ३२ अंशांच्या खाली गेलं की चेंडू रिंगच्या कडेला न घासता आत जाऊच शकत नाही. सपाट शॉट ‘थोडक्यात हुकतो’ तो यामुळे.

मग ८० अंशांत का मारू नये? कारण कमान जितकी उंच तितका जोर जास्त लागतो, आणि जोरातली लहानशी चूक अंतरात मोठी होऊन दिसते. म्हणून गेश्विंडनर यांनी साठ अंशांच्या आसपासचा सुवर्णमध्य धरला. आणखी एक गोष्ट आहे. चेंडू रिंगच्या खालून सुटत असेल तर आत शिरतानाचा कोन सोडतानाच्या कोनापेक्षा कमी भरतो. नोवित्स्कीचा हात ३.०५ मीटरवरच्या रिंगच्या जवळपास पोहोचलेला असायचा, त्यामुळे त्याचा हा तोटा अगदी थोडा होता. बुटक्या खेळाडूला तेवढाच कोन मिळवायला जास्त उंच फेकावं लागतं.

मी साडेपाच-सहा फुटांचा आहे. हा शॉट शिकता येईल का?

येईल, पण ज्याचा साधा जंप शॉट बसलेला नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये. फ्री थ्रो दहात सातच्या वर जायला लागले की सुरुवात करा.

उजव्या हाताने टाकणाऱ्याने डावा पाय टेकवायचा आणि उजवा गुडघा उचलायचा. पहिले काही दिवस रिंगपासून दीड-दोन मीटरवर, उडी न मारता, नुसतं एका पायावर उभं राहून टाका. गुडघा वर, दोन सेकंद स्थिर, मग शॉट. तोल टिकायला लागला की वळण जोडा: रिंगकडे पाठ करून उभं राहायचं, डाव्या पायावर फिरायचं, आधी खांदे रिंगसमोर आणायचे, मग चेंडू वर न्यायचा. मागे झुकणं सर्वात शेवटी, आणि तेही थोडंच. अंतर प्रत्येक टप्प्यावर अर्ध्या मीटरने वाढवा. दहात पाच जात नसतील तर मागे या.

चुका ठरलेल्या असतात. शॉट आखूड पडत असेल तर तुम्ही जरुरीपेक्षा जास्त मागे झुकताय. झुकल्याने पायाचा जोर चेंडूपर्यंत पोहोचत नाही आणि सगळा भार मनगटावर येतो. चेंडू डावी-उजवीकडे जात असेल तर खांदे पूर्ण वळायच्या आधीच हात सुटतोय. कमान सपाट होत असेल तर कोपर खाली राहतंय. कोपर डोळ्यांच्या पातळीच्या वर गेल्यावरच चेंडू सोडा. आणि गुडघा पुढच्या माणसाच्या अंगात खुपसू नका, तो आक्रमकाचा फाउल धरला जाऊ शकतो. गुडघा वर जायला हवा, पुढे नाही. सिमेंटच्या कोर्टवर हा सराव रोज तासभर करू नका, टेकवलेल्या पायाचा घोटा आणि पोटरी लवकर भरून येते.

२००६ च्या अंतिम मालिकेत २-० आघाडी घेऊनही डॅलस कसं हरलं?

तिसऱ्या सामन्यात. चौथ्या सत्रात डॅलस १३ गुणांनी पुढे होतं. तो सामना जिंकला असता तर मालिका जवळजवळ संपली होती. मायामीच्या ड्वेन वेडने ४२ गुण काढून सामना फिरवला. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधायला नोवित्स्कीला दोन फ्री थ्रो मिळाले, पहिला गेला, दुसरा हुकला. ९८-९६. पाचवा सामना जादा वेळेत १०१-१०० असा गेला. त्यात एकट्या वेडने २५ फ्री थ्रो घेतले, म्हणजे डॅलसच्या पूर्ण संघाइतके. पंचांबद्दल डॅलसचे चाहते आजही बोलतात. पण तेरा गुणांची आघाडी राखता आली नाही, आणि हरण्याचं मूळ कारण तेच.

त्याच वर्षी त्याने आधीच्या फेरीत सॅन अँटोनिओविरुद्ध सातव्या सामन्यात केलेला खेळ या पराभवाखाली झाकून गेला, याचं वाईट वाटतं. ३७ गुण, १५ रीबाउंड, आणि शेवटच्या क्षणी फाउलसह मारलेला बरोबरीचा शॉट.

२००७ मध्ये सर्वोत्तम खेळाडू असूनही पहिल्याच फेरीत बाहेर? कारण काय?

डॅलसने ६७ सामने जिंकले होते. नोवित्स्कीची टक्केवारी मैदानी शॉटमध्ये ५०.२, थ्री-पॉइंटरमध्ये ४१.६ आणि फ्री थ्रोमध्ये ९०.४ होती. समोर आठव्या क्रमांकाचं गोल्डन स्टेट, आणि त्यांचे प्रशिक्षक डॉन नेल्सन, ज्यांनी डॅलसमध्ये नोवित्स्कीला वाढवलं होतं. त्याची प्रत्येक सवय त्यांना पाठ होती.

नेल्सन यांनी त्याच्यासमोर उंच माणूस ठेवलाच नाही. स्टीफन जॅक्सनसारखे त्याच्यापेक्षा बुटके, पण दणकट आणि चपळ खेळाडू लावले. ते त्याच्या कमरेखाली घुसून उभे राहायचे. नोवित्स्की तेव्हा चेंडू बाजूला, रिंगकडे तोंड करून घ्यायचा, आणि तिथून पुढे जायला त्याला ड्रिबल (चेंडूला टप्पे देत पुढे नेणं) लागायचं. सात फुटी माणसाचं ड्रिबल उंच. खाली वाकलेल्या माणसाच्या हाताशी ते नेमकं येतं. चेंडू जमिनीला लागला की पाठीमागून दुसरा डिफेंडर धावून यायचा. सहाव्या सामन्यात त्याचे १३ पैकी २ शॉट गेले, गुण फक्त आठ. मालिका ४-२. पहिली फेरी सात सामन्यांची झाल्यापासून आठव्याने पहिल्याला हरवण्याची ही पहिलीच वेळ. सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला त्यानंतर, संघ घरी बसलेला असताना देण्यात आला.

या पराभवाचं उत्तर शोधण्यात त्याची पुढची चार वर्षं गेली, आणि त्याच्या कारकिर्दीत अभ्यासण्यासारखा भाग कोणता असेल तर हाच. बाजूची जागा सोडून तो फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर आला. तिथे उभं राहिलं की दुसरा डिफेंडर कुठूनही आला तरी आधी दिसतो, आणि कोपऱ्यातल्या साथीदारांना पास द्यायला दोन्हीकडे सारखंच अंतर. ड्रिबल शून्य किंवा एक. बुटका माणूस लावला तर त्याच्या डोक्यावरून एका पायाचा शॉट, उंच लावला तर त्याच्या बाजूने एका पावलात रिंगकडे. २००८ मध्ये आलेले प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी आक्रमणच या जागेभोवती बांधलं.

२०११ चं विजेतेपद इतकं मोठं का मानलं जातं?

कारण त्या मोसमाच्या ऑल-स्टार सामन्यासाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) निवडलेला दुसरा कोणी त्या संघात नव्हता. कॅरन बटलर जानेवारीतच गुडघ्याला जायबंदी झालेला. जेसन किड ३८ वर्षांचा. बचाव टायसन चँडलर आणि शॉन मॅरियन यांच्या जिवावर. तरीही त्यांनी पोर्टलंडला ४-२, गतविजेत्या लेकर्सना ४-० आणि ओक्लाहोमा सिटीला ४-१ असं हरवलं. ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्या सामन्यात नोवित्स्कीने ४८ गुण केले: १५ पैकी १२ शॉट, आणि २४ पैकी २४ फ्री थ्रो. त्याच मालिकेतल्या चौथ्या सामन्यात पाच मिनिटं उरली असताना १५ गुणांची पिछाडी भरून काढली.

अंतिम मालिका पुन्हा मायामीशी, आता लेब्रॉन जेम्स, वेड आणि ख्रिस बॉशसह. पहिल्या सामन्यात नोवित्स्कीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला. दुसऱ्या सामन्यात डॅलस पुन्हा १५ गुणांनी मागे. शेवटचे नऊ गुण त्याचे, आणि विजयी लेअप (रिंगजवळून हळूच टाकलेला शॉट) त्याच दुखऱ्या डाव्या हाताने. चौथा सामना तो अंगात ताप असताना खेळला, २१ पैकी १० गुण शेवटच्या सत्रात. सहाव्या सामन्यात पूर्वार्धात त्याचे १२ पैकी ११ शॉट हुकले, तेव्हा टेरीने संघ तोलून धरला. उत्तरार्धात तो सावरला आणि त्याचे एकूण २१ गुण आणि ११ रीबाउंड झाले. १०५-९५. संपूर्ण अंतिम मालिकेत ४६ पैकी ४५ फ्री थ्रो. भोंगा वाजताच तो स्कोअररच्या टेबलावरून उडी मारून आत निघून गेला, कारण त्याला रडू आवरेना. करंडक घ्यायला त्याला बोलावून बाहेर आणावं लागलं.

तो बचावात कच्चा होता का?

बाजूला सरकण्यात मंद होता, हे खरंच आहे. म्हणून २०११ मध्ये डॅलस बऱ्याचदा झोन (प्रत्येकाने माणूस न धरता ठरलेली जागा राखायची, असा बचाव) लावायचं आणि त्याच्यामागे चँडलर असायचा. पण बचावातले रीबाउंड तो नीट घ्यायचा. आक्रमणातले रीबाउंड कमी दिसतात, कारण तो रिंगपासून लांब उभा असायचा.

जास्त पैसे मिळत असताना तो डॅलसलाच का राहिला?

२०१४ मध्ये लेकर्स आणि ह्यूस्टनने त्याला कमाल वेतनाची तयारी दाखवली होती. त्याने डॅलसशी तीन वर्षांसाठी सुमारे अडीच कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे किती तरी कमी. लीगमध्ये संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते, त्यामुळे त्याने सोडलेल्या पैशात इतर खेळाडू आणता येणार होते. हा त्याग कामी आला असं मात्र म्हणता येत नाही. २०११ नंतर त्याच्या निवृत्तीपर्यंत डॅलसने प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. विजेत्या संघातून चँडलरला लगेच जाऊ दिलं, ती व्यवस्थापनाची सर्वात महागात पडलेली चूक.

जर्मनीसाठी त्याने काय केलं?

२००२ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, २००५ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य, दोन्हीकडे सर्वोत्तम खेळाडू. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो जर्मनीचा ध्वजवाहक होता. शेवटची स्पर्धा २०१५ साली, बर्लिनमध्ये.

हॉल ऑफ फेममध्ये निवड कशी होते? ते एनबीएचंच आहे का?

नाही. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या नावाचं हे स्मारक मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आहे आणि त्यात महिला, महाविद्यालयीन आणि परदेशी बास्केटबॉलही धरलं जातं. शेवटच्या फेरीत २४ जणांच्या समितीत किमान १८ मतं लागतात. नोवित्स्कीचा समावेश १२ ऑगस्ट २०२३ रोजी झाला. त्याच तुकडीत वेड, टोनी पार्कर, पॉ गॅसोल आणि प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच होते.

भारताशी काही धागा?

थेट नाही. पण २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर डॅलसनेच निवडलं होतं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू; पुढे तो डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडून खेळला.

त्याचा खेळ समजून घ्यायला कोणते सामने पाहावेत?

आधी २००७ चा गोल्डन स्टेटविरुद्धचा सहावा सामना, मग २०११ चा ओक्लाहोमाविरुद्धचा पहिला. लागोपाठ पाहा. गुण मोजू नका. तो चेंडू कुठे उभा राहून घेतो आणि शॉटआधी किती वेळा टप्पा देतो, एवढंच वहीत लिहा. त्यानंतर २०११ च्या अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्याची शेवटची सात मिनिटं. वेळ असेल तर ९ एप्रिल २०१९ चा फीनिक्सविरुद्धचा घरचा शेवटचा सामनाही बघा: घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नीट धावताही येत नव्हतं, त्या मोसमातली सरासरी जेमतेम ७.३ होती, आणि त्या रात्री त्याने ३० गुण केले.